बार्शी लाइट रेल्वे: सरहद गेली, रूळ राहिले, पण गाडी थांबणार कुठं, हे भांडण अजून तेच

विशेष विश्लेषण

धाराशिव, लातूर आणि बार्शी या पट्ट्यात रेल्वेचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर दोन तास सहज जातात. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाचं काम कुठवर आलं, लातूरजवळच्या डबे कारखान्यात आपल्या पोरांना काम मिळणार का आणि मुंबईच्या गाडीत जागा का मिळत नाही, हे तीन प्रश्न ठरलेले.

यातला मुंबईच्या गाडीचा प्रश्न २०१७ मध्ये रस्त्यावर आला होता. लातूर–मुंबई एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस कर्नाटकातल्या बिदरपर्यंत नेण्याचा निर्णय झाला आणि लातुरात आंदोलनं झाली. बाहेरच्या माणसाला वाटलं, गाडी पुढं गेली तर यांचं काय बिघडलं? पण रोज प्रवास करणाऱ्याला कारण पक्कं माहीत होतं. गाडी जिथून सुटते तिथल्या माणसाला डबा रिकामा मिळतो. पुढच्या स्टेशनच्या माणसाला उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब.

हे भांडण काल-परवाचं नाही. ज्या लाइनवरून ही गाडी धावते, तिच्या सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त इतिहासात ते पुन्हा पुन्हा झालंय. ही लाइन मुळात एका सरहद्दीमुळं जन्माला आली. पुढं ती सरहद पुसली गेली, नवी सरहद दुसरीकडं उमटली. पण शेवटचं स्टेशन कुणाचं आणि गाडी थांबणार कुठं, या दोन गोष्टींवर गावांचं नशीब ठरणं काही थांबलं नाही. आता नवा मार्ग येतोय तर हा इतिहास माहीत असलेला बरा.

बार्शीपर्यंतच का आली गाडी?

मुंबईहून सोलापूरकडं जाणारी मोठी लाइन १८६० च्या सुमारास झाली. ती कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी बाजूला राहिली, सुमारे ३४ किलोमीटर आत. त्या काळी कुर्डुवाडीच्या स्टेशनचं नावच ‘बार्शी रोड’ होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रेल्वे स्टेशनच्या नावात ‘रोड’ असलं की समजायचं, रेल्वे त्या गावाला आलेली नाही, गावाचा रस्ता रेल्वेपर्यंत गेलाय. बार्शी रोड, कळंब रोड, औसा रोड, लातूर रोड ही सगळी नावं तशीच. ज्या गावाचं नाव पाटीवर आहे, ते गाव तिथून लांब आहे.

बार्शी मात्र तेव्हाही मोठी पेठ होती आणि त्याचं कारण तिच्या जागेत होतं. बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होता. पांगरीच्या पुढं बालाघाटचा डोंगर चढला की निजामाचं हैद्राबाद संस्थान लागायचं. येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर हा सगळा मुलूख निजामाचा. तिथला कापूस, गळिताचं धान्य, डाळी बैलगाड्यांनी आणि जनावरांच्या पाठीवरून घाट उतरून बार्शीला यायच्या. मग बार्शीतून पुन्हा गाड्या जुंपून माल कुर्डुवाडीला जायचा आणि तिथून मुंबईला.

सरहद म्हणजे नुसती नकाशावरची रेघ नव्हती. निजामाच्या हद्दीतून माल बाहेर काढायचा किंवा आत आणायचा तर नाक्यावर ‘करोडगिरी’ भरावी लागे. करोडगिरी म्हणजे संस्थानाची जकात, साधारण शेकडा पाच. वर नाणंही वेगळं. निजामाकडं ‘हाली’ रुपया, इंग्रजांकडं ‘कलदार’. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब चालायचा. मुरूडच्या शेतकऱ्यानं बार्शीच्या अडत्याकडं माल घातला तर भाव कलदारात, देणं हालीत, मध्ये जकात आणि गाडीभाडं. या सगळ्या उलाढालीचं ठिकाण म्हणजे बार्शी. सरहद्दीला लागून, पण इंग्रजांच्या बाजूला. पेठ वाढली ती त्यामुळं.

एक इंजिनिअर आणि पाच टनांचा हिशेब

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीत, नोकरीला होता. मोठी लाइन प्रत्येक पेठेपर्यंत नेणं परवडणार नाही, पण छोटी, हलकी, स्वस्त लाइन नेता येईल, हे त्याचं म्हणणं. १८८७ च्या सुमारास त्यानं बार्शीची पाहणी केली. कंपनीत ते जमेना म्हणून नोकरी सोडली. अखेर १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली.

रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. कॅल्थ्रॉपची खरी हुशारी मात्र वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो की मालाची वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, असं त्यानं ठरवलं. भार सगळीकडं सारखा वाटला गेला की रूळ हलके चालतात. रूळ हलके म्हणजे लोखंड कमी आणि खर्चही कमी. त्यासाठी लांब, दोन्ही टोकांना वेगळी चाकं असलेल्या वाघिणी बनवून घेतल्या. इंजिनं इंग्लंडात लीड्सच्या किटसन कंपनीची. भारतात पाठवण्याआधी हे सगळं लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना चालवून दाखवलं गेलं. पुढं जगभर छोट्या रेल्वेची गोष्ट निघाली की बार्शीचं नाव निघायचं. आपल्याकडं लोक तिला नुसतं ‘बार्शी लाइट’ म्हणत राहिले.

जुनी माणसं सांगतात, चालत्या गाडीतून उतरावं आणि पळत जाऊन पुन्हा चढावं, एवढाच तिचा वेग. त्यात थट्टा किती आणि खरं किती, हा भाग वेगळा. पण बैलगाडीला जो वेळ लागायचा त्यापुढं ही गाडी वाऱ्यासारखीच होती.

सरहद ओलांडली आणि पेठ पुढं सरकली

काही वर्षं बार्शी शेवटचं स्टेशन राहिलं. निजामाच्या मुलखातला सगळा माल बार्शीत यायचा, कारण पुढं गाडीच नव्हती. मग लाइन वाढायला लागली. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला गाडी गेली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी हा कंपनीचा मोठा आधार. दुसरीकडं लाइन घाट चढून येडशीवरून निजामाच्या हद्दीत शिरली, तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. १९२७ मध्ये दुसरं टोक पंढरपूरहून सांगोल्यावरून मिरजेला भिडलं. आता मिरज ते लातूर सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची ही एकच छोटी लाइन इंग्रजी मुलूख, निजामाचं राज्य आणि मिरज संस्थान यांना जोडत होती.

यातलं १९११ हे साल लक्षात ठेवण्यासारखं. शेवटचं स्टेशन बार्शीहून लातूरला गेलं. ज्या मालाला आधी बार्शीशिवाय मार्ग नव्हता, तो आता लातुरातच डब्यात चढू लागला. सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, लातुरात गंजगोलाईची बांधणी झाली. मध्ये गोल बाजार आणि चारी बाजूंनी येणारे १६ रस्ते. एवढी मोठी बाजारपेठ आखायची हिंमत झाली, त्यात स्टेशनवर उभ्या असलेल्या छोट्या डब्यांचा वाटा मोठा होता. आज सोयाबीन आणि तुरीचा भाव बघताना आपण आधी लातूरचा भाव बघतो. त्या सवयीचं मूळ इथं आहे.

बार्शी लगेच ओस पडली असं नाही. गिरण्या होत्या, भुसार बाजार होता, तो आजही आहे. पण सरहद्दीवरची एकमेव पेठ हा तिचा मान गेला.

दुसरी गोष्ट अशी की, लातूर निजामाच्या राज्यात असलं तरी त्याचा माल हैद्राबादला न जाता बार्शी-कुर्डुवाडीवरून मुंबईला जाऊ लागला. निजामाच्या राज्यातली मनमाड–औरंगाबाद–नांदेड–सिकंदराबाद लाइन लातूरपासून लांब होती. पुढं विकाराबाद–बिदर–उदगीर–परळी लाइन झाली, तीही लातूर शहरात न येता लातूर रोडवरून गेली. हुकूम हैद्राबादचा आणि बाजार मुंबईचा, असा हा प्रकार. संयुक्त महाराष्ट्राच्या कितीतरी आधी या भागाचं तोंड रुळांनी पश्चिमेकडं वळवून ठेवलं होतं.

माणसं आणि विचारही गेले

रुळांवरून नुसता कापूस जात नव्हता. या लाइनवरचं कसबे तडवळे घ्या. निजामाच्या राज्यातल्या या गावात १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद झाली. सरहद्दीपलीकडचं वारं असं आत येत होतं.

१९४७-४८ मध्ये हीच सरहद जिवावरची झाली. देश स्वतंत्र झाला होता, पण येडशीच्या बाजूचा माणूस अजून निजामाचा रयत होता. रझाकारांच्या जाचाला कंटाळून कितीतरी घरं बार्शीच्या, सोलापूरच्या बाजूला आली. सरहद्दीला लागून मुक्तिसंग्रामाचे कॅम्प उभे राहिले. आपल्या भागातल्या अनेक घरांत अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या जातात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली.

मग १९५४ मध्ये सरकारनं बार्शी लाइट कंपनीकडून लाइन विकत घेतली आणि ती भारतीय रेल्वेत आली. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पांगरी-येडशीमधली सरहद नुसती जिल्ह्याची हद्द होऊन राहिली.

पण त्याच वेळी दुसरीकडं नवी सरहद उमटली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. ते इकडं आले आणि बिदर शहर कर्नाटकात गेलं. म्हणजे १९११ मध्ये लातूर आणि बिदर एका राज्यात, तर बार्शी परक्या राज्यात. आज बार्शी आणि लातूर एका राज्यात, बिदर परराज्यात. २०१७ मध्ये गाडी बिदरला जाणार म्हणून लातूर चिडलं तेव्हा, शंभर वर्षांपूर्वी बार्शीवर आलेली वेळ लातूरच्या दारात उभी होती. शेवटचं स्टेशन पुढं सरकत होतं.

छोटी लाइन मोठी झाली तेव्हा

छोट्या लाइनचं मोठं दुखणं कुर्डुवाडीला होतं. लातूरहून आलेलं प्रत्येक पोतं तिथं छोट्या वाघिणीतून उतरवायचं आणि मोठ्या वाघिणीत चढवायचं. वेळ, हमाली, फूटतूट सगळं शेवटी शेतकऱ्याच्या माथी. ट्रक आले, डांबरी रस्ते झाले आणि माल रस्त्यावर गेला. माणसं मात्र गाडीनं जात राहिली, वारीच्या दिवसांत तर टपावर बसून.

मोठ्या लाइनचं काम तुकड्या-तुकड्यांनी झालं. सुरुवात कुर्डुवाडी–पंढरपूरपासून. लातूर–धाराशिव २००७ मध्ये, धाराशिव–कुर्डुवाडी २००८ मध्ये, आणि पंढरपूर–मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत. यात आपल्या जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट घडली. छोटी लाइन पांगरीहून सरळ येडशीला जायची आणि जिल्ह्याचं गाव बाजूला राहायचं. धाराशिवच्या माणसाला गाडी धरायला येडशी गाठावी लागायची. मोठी लाइन टाकताना मार्ग वळवून धाराशिव शहर घेतलं. बार्शीहून लातूरला जाणाऱ्याला वळसा पडला, पण जिल्ह्याच्या गावाला शंभर वर्षांनी स्टेशन मिळालं. कागदावरची रेघ थोडी वळली की काय होतं, याचं याहून जवळचं उदाहरण नाही.

मोठ्या लाइनची खरी किंमत कळली ती २०१६ च्या दुष्काळात. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर, हाच तो बार्शी लाइटचा मार्ग. कृष्णेकाठचं पाणी मांजरेच्या कोरड्या खोऱ्यात आलं ते कापसासाठी आखलेल्या रेघेवरून. लाइन छोटीच राहिली असती तर एवढं पाणी एका दमात आलंच नसतं.

उलट बाजूही बघा. विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला रेल्वे तेवढ्याच रुंदीची, कापसासाठीच बांधलेली. तिची मालकी शेवटपर्यंत खासगी कंपनीकडं राहिली, रुंदीकरण रखडलं आणि गाड्या बंद पडल्या. बार्शी लाइट वेळेत सरकारच्या हाती आली आणि मोठी झाली, म्हणून आज आपण निदान गाडीत जागा मिळत नाही अशी तक्रार तरी करतोय.

मग आता आपण काय विचारायचं?

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा मार्ग झाला की धाराशिव जंक्शन होईल आणि तुळजाभवानीच्या दाराशी रेल्वे येईल. लातूरजवळच्या कारखान्यात वंदे भारतचे डबे बनवायचं ठरलंय. चांगलंच आहे. पण जुन्या लाइनचा अनुभव सांगतो की रेल्वे आली म्हणजे आपोआप गावाचं भलं झालं असं नसतं. रेल्वेच्या वाटेवरच्या प्रत्येक गावानं तीन गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली, गाडी सुटणार कुठून? नवा मार्ग झाला की मुंबई-पुण्याच्या गाड्या कुठून सुटतील, हे आतापासून बोलायला हवं. धाराशिवहून सुटणारी एक गाडी ही धाराशिववरून जाणाऱ्या चार गाड्यांपेक्षा कधी कधी जास्त कामाची ठरते. मात्र हे मागताना बिदरचा किंवा लातूरचा माणूस आपला शत्रू समजायचं कारण नाही. एकच गाडी लांबवून दोघांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोघांसाठी वेगळी गाडी मागणं शहाणपणाचं. बार्शी, धाराशिव, लातूर, उदगीर, बिदर यांनी एकत्र मागणी केली तर तिचं वजन पडेल.

दुसरी, गाडी थांबणार कुठं? एक्स्प्रेस गाड्या मोठ्या स्टेशनांवर थांबतात. पांगरी, कळंब रोड, ढोकी, मुरूड अशा ठिकाणच्या माणसाला खरा आधार पॅसेंजरचा. सकाळी तालुक्याला किंवा कॉलेजला पोहोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी हवी. थांबा मागताना रेल्वे आधी तिकीटविक्री बघते. आपण विनातिकीट बसतो किंवा पुढच्या स्टेशनचं तिकीट काढतो, तेव्हा आपल्याच स्टेशनचा आकडा कमी करतो. जनरलचं तिकीट आता मोबाइलवर निघतं, तेव्हा ते आपल्या स्टेशनच्या नावानं काढा. दहा निवेदनांपेक्षा तो आकडा मोठा ठरतो.

तिसरी, माल चढणार कुठं? बार्शी लाइट उभी राहिली ती मालासाठी. लातूर मोठं झालं ते मालामुळं. आज नव्या स्टेशनच्या चर्चेत इमारत कशी, सरकता जिना आहे का, हेच जास्त ऐकू येतं. मालधक्का कुठं होणार, तिथं ट्रक पोहोचेल असा रस्ता आहे का, पावसात पोती भिजू नयेत म्हणून छत आहे का, खत आणि सिमेंट आपल्या जिल्ह्यात कुठं उतरणार, हे कोण विचारतं? बाजार समित्यांनी आणि शेतकरी कंपन्यांनी हा विषय हातात घ्यायला हवा.

आणि एक सरहद अजून शिल्लक आहे. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. दोन स्टेशनांत फार अंतर नाही, पण कारभार दोन ठिकाणी. वेळापत्रकाचा मेळ बसत नाही, एका गाडीतून उतरून दुसरी मिळत नाही, त्यामागं अनेकदा ही कागदावरची हद्द असते. निवेदन देताना ते कुणाला द्यायचं हे आधी बघावं. सोलापूरच्या डीआरएमला दिलेला कागद सिकंदराबादला पोहोचेलच असं नाही. विभागाच्या प्रवासी सल्लागार समितीवर आपल्या भागातलं कोण आहे, ते मागणी मांडतात का, हे गावानं त्यांना विचारावं.

बार्शीनं शेवटचं स्टेशन गमावलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. लंडनची कंपनी आणि हैद्राबादचा दरबार यांच्यात ते ठरलं. आज ग्रामसभा आहे, खासदार-आमदार आहेत, हातात फोन आहे. तुळजापूरच्या मार्गावरची पहिली गाडी यायच्या आधीच हे तीन प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतले, तर त्यांचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागेल.